साउंड एडिटिंग सोडून ऑडिओ-व्हिडिओ फॉरेन्सिक शिकायला जावं का?

फेडर_खाली (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. धागा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

मी मूळची सांगलीची. बीएस्सी फिजिक्स, मग पुण्यात साउंडचा डिप्लोमा आणि गेली सात वर्षं गोरेगावात मालिकांचं डायलॉग एडिटिंग. सेटवरून आलेल्या आवाजातून जनरेटर, पंखा, बाहेरची रिक्षा, मेकअप रूममधली कुजबुज हे सगळं उपसून काढायचं आणि सासूबाईंचं वाक्य तेवढं लखलखीत ठेवायचं. रोजचा एपिसोड रोज. कान तयार झालाय हे खरं, पण तो आता फक्त काय फेकून द्यायचं तेवढंच ऐकतो.

मूळ किस्सा असा. मागच्या वर्षी मामाच्या जमिनीचं प्रकरण कोर्टात गेलं. इसार घेतलाच नाही असं समोरची पार्टी म्हणत होती आणि मामाने ते बोलणं फोन खिशात ठेवून रेकॉर्ड केलं होतं. चौदा मिनिटं. वकील म्हणाले, नीट ऐकू येत नाही. मामाने ते मला व्हॉट्सॲपवर पाठवलं, "तू हेच करतेस ना, जरा साफ करून दे." मी दिलं. सुरुवातीची चाळीस सेकंद नुसती शर्टाच्या खिशाची खसखस होती, ती उडवली. पंख्याची घरघर काढली, इक्यू मारला, लेव्हल उचलली, एमपीथ्री केलं, पेनड्राइव्हवर घातलं. ऐकून मामा खूश, वकीलसाहेब खूश.

समोरच्या वकिलांनी पहिल्याच तारखेला फाइलच्या हेडरमधलं एन्कोडरचं नाव वाचून दाखवलं. ही फाइल फोनमधून आलेली नाही, एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमधून आलेली आहे, मूळ फोन हजर करा. मूळ फोन मामाने दिवाळीत एक्स्चेंजमध्ये दिला होता. मामा मला काही बोलला नाही. मामी बोलली.

तेव्हापासून डोक्यात किडा आहे. जालावर शोधलं तर अमेरिकेत डेन्व्हरला कोलोरॅडो विद्यापीठात मीडिया फॉरेन्सिकचं (म्हणजे मुद्रण, फोटो, व्हिडिओ अस्सल आहेत का ते तपासण्याचं) केंद्र दिसतं, आपल्याकडे गांधीनगर आणि गोवा दिसतं. मला विचारायचंय ते असं, की माझ्यासारखीला यात खरंच काही करता येईल का? सात वर्षांचा कान तिथे उपयोगी पडतो की आडवा येतो? आणि एआयने सगळंच खोटं बनवता येतंय, तर हे शिकून बाहेर पडेपर्यंत ही विद्या तरी शिल्लक राहील का? वय ३१, लग्न झालेलं नाही, कर्ज काढायची तयारी आहे, आईची नाही.

---

गिगाबाइट_गणपत

ताई, एवढं शिकायची काय गरज? फोटो टाकला की दोन मिनिटांत खरा-खोटा सांगणाऱ्या साइट आहेत. एरर लेव्हल ॲनालिसिस म्हणतात. जिथे एडिट केलंय तो भाग चमकतो. आवाजाचंही येईलच. पाच वर्षांत हे सगळं एआय करणार, माणूस फक्त बटण दाबणार. कर्ज काढू नका, तेवढ्यात पुण्यात वन बीएचकेचं डाउन पेमेंट होतं.

---

टेपवाला_काका

आधी गणपतराव. तुम्ही म्हणता ती पद्धत म्हणजे जेपीईजी चित्र ठरावीक दर्जाने पुन्हा एकदा सेव्ह करायचं आणि जुन्या-नव्यातला फरक उजळ करून दाखवायचा. त्यात चमकतं काय? ठसठशीत कडा, बारीक नक्षी, अक्षरं. तुमच्याच भाच्याच्या लग्नपत्रिकेचा फोटो त्या साइटवर टाकून बघा, नवरदेवाचं नाव पहिल्यांदा बनावट निघेल. शंका कुठे घ्यायची हे सुचायला ठीक आहे, त्यावर कुणाला तुरुंगात पाठवू नका.

आता ताई तुम्ही. मी एकतीस वर्षं एका सरकारी प्रयोगशाळेत टेपच्या टेबलावर काढली. कुठल्या ते विचारू नका. लाखेच्या सीलचं पाकीट यायचं, आत कॅसेट. पहिलं काम सील जुळतंय का ते बघणं, दुसरं काम कॅसेटच्या मागचे प्लास्टिकचे दोन छोटे टॅब मोडलेत का ते बघणं. नसतील तर आपणच मोडायचे, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं तरी पुरावा पुसला जाणार नाही. मग हेडफोन. पहिल्या खेपेला काहीही लिहायचं नाही, नुसतं ऐकायचं. दुसऱ्या खेपेला फक्त मागचे आवाज ऐकायचे, माणसं ऐकायचीच नाहीत. तुमचा कान आडवा येईल का विचारलंत ना, त्याचं उत्तर या दुसऱ्या खेपेत आहे. तुम्ही रोज जे फेकता ते कसं असतं हे तुम्हाला बऱ्याच परीक्षकांपेक्षा चांगलं माहीत आहे.

मामांच्या प्रकरणात साफ करणं हा गुन्हा नव्हता. आम्हीही करतो. फक्त आधी मूळ फाइलची जशीच्या तशी प्रत, तिचा हॅश (फाइलवरून गणिताने निघणारा आकडा, फाइल किंचितही बदलली की तोही बदलतो), मग त्या प्रतीच्या प्रतीवर काम, आणि कुठला फिल्टर कितीवर ठेवला याची वहीत नोंद. दुसऱ्या कुणी तीच नोंद घेऊन बसलं तर तोच आवाज निघाला पाहिजे. तुम्ही उडवलेली चाळीस सेकंदांची खसखस मात्र माझ्या जिवाला लागली. फोन खिशात होता, सुरू करून मग खिशात ठेवला, मध्ये कुणी हात लावला नाही, हे सगळं सांगणारी तीच होती. आणि व्हॉट्सॲपबद्दल एक लक्षात ठेवा. फोटो सरळ पाठवला की तो लहान होऊन नव्याने आवळला जातो आणि कॅमेऱ्याने त्यात लिहिलेली माहिती निघून जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर फाइल तशीच जाते. अर्थात दोन्हींपेक्षा फोन कपाटात ठेवणं बरं.

एक माझं सांगतो. नोकरीला चार-पाच वर्षं झाली होती, अंगात मस्ती होती. लाचेच्या प्रकरणातली मायक्रोकॅसेट आली. एका खोलीतलं बोलणं, मागे भिंतीवरचं घड्याळ. टिक, टिक, टिक. स्वच्छ. मी वेव्हफॉर्म, म्हणजे आवाजाचा आलेख, काढून टिका मोजल्या. सेकंदाला एक, सेकंदाला एक, आणि एका जागी दोन टिकांमध्ये अर्ध्या सेकंदाहून कमी अंतर. पुढे आणखी एका जागी. अशा एकूण सात जागा. घड्याळ तर उडी मारत नाही, म्हणजे टेप कापली! मी अहवालाचा मसुदा केला, "मुद्रण सलग नाही, छेडछाड झालेली आहे," आणि साहेबांपुढे नेऊन ठेवला. साहेब बेळगावकडचे, फार कमी बोलायचे. त्यांनी वाचला आणि विचारलं, "रेकॉर्डर कुठंय?"

रेकॉर्डर आलाच नव्हता. नुसती कॅसेट आली होती. पत्र लिहून मागवला, दोन महिन्यांनी आला. हाताच्या तळव्यात मावेल एवढा, बाजूला एक सरकतं बटण. आवाज झाला तरच टेप फिरवायची, शांतता झाली की थांबवायची, अशी सोय असलेलं. ते बटण चालूवरच होतं. त्याच यंत्रावर, तशाच घड्याळाखाली आम्ही दोघे बसून बोललो, मध्ये मुद्दाम गप्प राहिलो. टेप वाजवली तर तशाच उड्या. शिवाय मोटर वेग घेईपर्यंत टेप हळू चालते, त्यामुळे ऐकताना पहिलं अक्षर चिरकं येतं आणि मग आवाज जागेवर बसतो. मूळ टेपमध्ये सातही जागी ते चिरकं अक्षर होतं. मी ते ऐकलं होतं, पण मला जे हवं होतं ते आधीच सापडल्यामुळे सोडून दिलं होतं. अहवाल बदलला. सात ठिकाणी मुद्रण थांबून सुरू झालेलं आहे, ते या यंत्राच्या अमुक सोयीशी सुसंगत आहे, माणसाने मुद्दाम थांबवलं का याबद्दल मत देता येत नाही. तपास अधिकारी फोनवर मला म्हणाला, "म्हणजे तुम्ही काहीच सांगितलं नाही." बरोबर, तेवढंच सांगता येत होतं.

म्हणून शिकायला कुठेही जा, सॉफ्टवेअर कुठलं शिकवतात हे शेवटी विचारा. आधी विचारा, विद्यार्थ्याकडून स्वतःची टेस्ट रेकॉर्डिंग करून घेतात का, आणि "मत देता येत नाही" असं लिहिल्यावर त्याला मार्क देतात का.

विद्यापीठांचं या विषयाशी नातं जुनं आहे. १९७३ साली अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या टेपमधली साडेअठरा मिनिटं गायब असल्याचं उघड झालं, नुसती गुणगुण ऐकू यायची. न्यायमूर्ती सिरिका यांच्या कोर्टाने सहा तज्ज्ञांची समिती नेमली. त्यात युटा विद्यापीठाचे टॉमस स्टॉकहॅम होते. साउंडवाल्या आहात म्हणजे नाव ऐकलं असेल, डिजिटल ध्वनिमुद्रणाच्या पहिल्या माणसांपैकी. समितीने नुसती गुणगुण ऐकत बसण्याऐवजी टेपवर लोहकणांचं द्रव लावून टेप पुसणाऱ्या इरेज हेडने सोडलेल्या खुणा उघड केल्या. यंत्राचं हेड जिथे चालू-बंद होतं तिथे टेपवर त्याचा ठसा उमटतो. ते ठसे मोजून त्यांनी सांगितलं, पुसण्याची क्रिया निदान पाच वेळा, कदाचित नऊ वेळा झाली आहे, आणि ती हाताने बटणं दाबून झाली आहे. कुणाच्या हाताने, हे सांगितलं नाही. पुसलेलं काय होतं, तेही नाही. माझ्या मते या शास्त्रातला आजवरचा सगळ्यात सभ्य अहवाल तोच.

चित्रांच्या बाजूला स्वित्झर्लंडमधलं लोझान विद्यापीठ आहे. तिथली फॉरेन्सिक शाळा १९०९ सालची आणि ती सुरू करणारे राइस हे मुळात फोटोग्राफी शिकवणारे. म्हणजे कॅमेरा आधी आला, पोलीसशास्त्र मागाहून.

डेन्व्हरचं म्हणाल तर तुम्हाला आवडेल अशी एक गोष्ट आहे. ते केंद्र कायद्याच्या किंवा कॉम्प्युटरच्या विभागात नाही, कला आणि माध्यम महाविद्यालयात आहे. पदवीही रेकॉर्डिंग आर्ट्समधली एमएस, त्यात मीडिया फॉरेन्सिक. थोडक्यात, ते तुमच्यासारख्यांनाच बोलावतात. केंद्राचे संचालक काटालिन ग्रिगोरास. हा गृहस्थ मूळचा रोमानियाचा आणि तिथे असतानाच त्याने तुमच्या त्या घरघरीवर काम केलं.

घरघर म्हणजे विजेची. आपल्याकडे ५० हर्ट्झ, अमेरिकेत ६०. पण ती ठाम ५० कधीच नसते. लोकांनी गीझर लावले की किंचित खाली, मागणी उतरली की किंचित वर. आपल्या ग्रिडने, म्हणजे विजेच्या जाळ्याने, ४९.९० ते ५०.०५ मध्ये राहावं असा नियम आहे, आणि आलेख काढला तर तेवढ्या जागेत ती रेघ सतत थरथरत असते. ही थरथर आधी सांगता येत नाही, पुन्हा तशीच्या तशी येत नाही, आणि एका ग्रिडवर सगळीकडे एकाच वेळी सारखी असते. मग रोजची थरथर नोंदवून ठेवायची आणि संशयित मुद्रणातली थरथर तिच्याशी ताडून बघायची. मुद्रण कधीचं आहे ते कळतं, मध्ये कापलं असेल तर रेघ तुटते. लंडनचे पोलीस अशी नोंद कित्येक वर्षं ठेवत आले आहेत. पुढे मेरिलँड विद्यापीठात मिन वू यांच्या गटाने दाखवलं की ट्यूबलाइटच्या डोळ्याला न दिसणाऱ्या लुकलुकण्यातून व्हिडिओतही ही रेघ सापडते, आवाज नसला तरी चालतं.

आपल्याकडची गंमत म्हणजे ३१ डिसेंबर २०१३ पर्यंत दक्षिणेचं ग्रिड वेगळं थरथरायचं. त्या दिवशी रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची लाइन जोडली गेली आणि देशाची रेघ एक झाली. म्हणजे त्याआधीच्या मुद्रणात घरघर सापडली, तर ते हुबळीत केलं की कोल्हापुरात, हेही तत्त्वतः कळू शकलं असतं. आता नाही कळणार. सोलापूरकरांनी माझी एक सोय काढून घेतली.

फोटोचं असंच आहे. कॅमेऱ्याच्या सेन्सरवरचा प्रत्येक पिक्सेल उजेडाला किंचित कमी-जास्त प्रतिसाद देतो, कारण सिलिकॉन सगळीकडे सारखं नसतं. डोळ्याला दिसत नाही, पण त्या कॅमेऱ्याच्या प्रत्येक फोटोत तोच नक्षा उतरतो. न्यू यॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टन विद्यापीठात जेसिका फ्रिड्रिच, लुकाश आणि गोल्यान यांनी २००६ च्या सुमारास हे मांडलं. निरभ्र आकाशाचे पन्नासेक फोटो काढायचे, प्रत्येकातलं चित्र वजा करून उरलेल्या खुटखुटीची सरासरी घ्यायची, झाला कॅमेऱ्याचा अंगठा. इथेही तेच बघा, दुसऱ्याने कचरा म्हणून टाकलेलं हे लोक उचलतात. हल्लीचे फोन मात्र एका क्लिकला चार-आठ फोटो काढून एकजीव करतात, व्हिडिओ हलू नये म्हणून चौकट सरकवतात. त्यात तो नक्षा विस्कटतो. संशोधनाला काम उरलंय ते हे.

एआयचा प्रश्न. ओळखणारं यंत्र जे पाहिलंय तेच ओळखतं. नवं खोटं आलं, वरून तीनदा फॉरवर्ड झालं, की गडबडतं. आणि कोर्टात उलटतपासणीत वकील विचारतो, "हे ९२ टक्के कशावरून?" तिथे "यंत्र म्हणालं" चालत नाही. बर्कली विद्यापीठाचे हानी फरीद सावल्या कुठे मिळतात, समांतर रेषा कुठे भेटतात असल्या भूमितीपासून सुरुवात करतात. ती विद्या जुनी होत नाही, आणि न्यायाधीशाला पट्टी-पेन्सिल घेऊन दाखवता येते.

भारतातलं थोडक्यात. गांधीनगरचं राष्ट्रीय फॉरेन्सिक विज्ञान विद्यापीठ २०२० साली संसदेच्या कायद्याने झालं, त्याआधी ते गुजरात राज्याचं होतं. गोव्याला त्याचा परिसर आहे. डिजिटल फॉरेन्सिकच्या एमएस्सीला फिजिक्सवाले चालतात का ते त्या वर्षीच्या पत्रकात बघून घ्या. महाराष्ट्रात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला सरकारी फॉरेन्सिक संस्था आहेत. प्रत्यक्ष काम बघायचं तर मुंबईत कालिन्याच्या सरकारी प्रयोगशाळेत टेप ऑथेंटिकेशन आणि स्पीकर आयडेंटिफिकेशनचा स्वतंत्र विभाग आहे. जागा निघतात तेव्हा निघतात, न निघण्याची वर्षंच जास्त असतात. आईंना हे आधीच सांगा.

पैसे भरण्याआधी एक करा. एसडब्ल्यूजीडीई नावाच्या अमेरिकी गटाची ऑडिओ-व्हिडिओ तपासणीची मार्गदर्शकं फुकट मिळतात. ती वाचून कंटाळा आला तर हा विषय तुमचा नाही. कंटाळा म्हणजे खरा कंटाळा. थोडा सगळ्यांनाच येतो.

---

पुढची_तारीख

काकांना दंडवत. मी संभाजीनगर खंडपीठात वकिली करतो, कोर्टाच्या बाजूचं दोन ओळीत टाकतो. (दोन ओळीत होणार नाही, माफ करा.)

ध्वनिमुद्रण पुरावा म्हणून चालतं हे आपल्याकडे फार जुनं ठरलेलं आहे. १९६७ चा युसुफअली नगरी आणि १९७२ चा मलकाणी हे दोन्ही निकाल 'विरुद्ध महाराष्ट्र राज्य' असेच आहेत. मलकाणी तर मुंबईचे कॉरोनर, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारे अधिकारी, होते. पण चालतं म्हणजे कसंही चालतं असं नाही. टेप पुसता येते आणि पुन्हा भरता येते, म्हणून छेडछाडीची शक्यता दूर करायला हवी, हे कोर्ट तेव्हापासून बजावतंय.

डिजिटल युगातला मोठा निकाल आमच्या शेजारच्या जालन्याचा, अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल, १४ जुलै २०२०. उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या आत भरले की नंतर, असा प्रश्न, आणि पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्याच्या दालनातलं व्हिडिओ चित्रण. चित्रण होतं, त्याच्या सोबतचं, जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ६५-बीचं (इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं) प्रमाणपत्र मागूनही मिळालं नव्हतं. तीन न्यायमूर्तींनी सांगितलं, मूळ यंत्र हजर केलं नसेल तर प्रमाणपत्र लागतंच. पक्षकाराने सगळे प्रयत्न करूनही ते मिळालं नाही, तर कोर्टाने ते मागवावं, त्याचा बळी देऊ नये.

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम आला, आता कलम ६३. प्रमाणपत्राचे दोन भाग. पहिला पक्षकाराचा, दुसरा तज्ज्ञाचा, आणि दोन्हींत हॅश लिहायचा. त्यामुळे ताई, तुमच्या मामांसारखी माणसं आता तालुक्याच्या कोर्टातही "तो हॅश काय असतो" विचारत येतात. उत्तर देणारा माणूस तालुक्यात नसतो. डिग्रीचं मला कळत नाही, गरजेचं कळतं.

---

चार_की_चारा

आवाजाच्या ओळखीबद्दल लिहिते, मी ध्वनिविज्ञान शिकवते.

'व्हॉइसप्रिंट' हा शब्द आधी डोक्यातून काढा. १९६२ साली बेल लॅबच्या कर्स्टा यांनी स्पेक्ट्रोग्राम (आवाजातल्या कंपनांचं चित्र) बघून माणूस ओळखता येतो असं मांडलं आणि बोटाच्या ठशाशी तुलना केली. पुढे १९७९ मध्ये अमेरिकेच्या विज्ञान अकादमीच्या समितीने त्याची हवा काढली. तिचे अध्यक्ष रिचर्ड बोल्ट, म्हणजे काकांनी सांगितलेल्या त्या टेपच्या समितीतलेच. बोटाचा ठसा बदलत नाही. आवाज सर्दीने बदलतो, साहेबांसमोर बदलतो, गावी फोन लावला की तर पार बदलतो. आता विचारायचा प्रश्न असा असतो की हा आवाज संशयिताचाच असेल तर हा पुरावा कितपत शक्य, आणि दुसऱ्या कुणाचा असेल तर कितपत. दुसऱ्या भागासाठी त्याच भाषेतल्या, त्याच वयाच्या, तशाच फोनवर बोललेल्या अनेकांचा विदा लागतो. तो मराठीत गोळा करणं हेच एका पीएचडीचं काम आहे, कुणी घेत असेल तर पाया पडेन.

माझ्या नावातलंच उदाहरण घ्या. 'चार माणसं' मधला च आणि 'गुरांचा चारा' मधला च. लिहायला एक, बोलायला दोन. कुणाचा कुठला च कुठे घसरतो हे भागाप्रमाणे आणि माणसाप्रमाणे बदलतं, म्हणजे ओळखीला फार मोलाचं. पण दोन्हींतला फरक मुख्यतः वरच्या घर्षणाच्या आवाजात असतो, आणि साधी टेलिफोन लाइन ३४०० हर्ट्झच्या वरचं कापून टाकते. फोनवर 'चारा' ऐकला असं आपल्याला वाटतं ते बरंचसं संदर्भाने. खालचंही कापलं जातं, त्यामुळे स्वरांचा पहिला फॉर्मंट (तोंडाच्या पोकळीत सगळ्यात खाली घुमणारी कंपनं) मोजताना वर सरकलेला दिसतो. थेट घेतलेला नमुना आणि फोनवरचं मुद्रण शेजारी ठेवून आकडे जुळवत बसणाऱ्याने निदान एवढं तरी माहीत करून घ्यावं. यॉर्क विद्यापीठात फॉरेन्सिक स्पीच सायन्सची वेगळी एमएस्सी आहे, तीही यादीत घाला. मोजणीचं प्राट हे सॉफ्टवेअर ॲमस्टरडॅम विद्यापीठाचं, फुकट आहे, आजच उतरवून घ्या.

---

गिगाबाइट_गणपत

पत्रिका टाकून बघितली. वधूपक्षाचा पत्ता चमकला. गप्प बसतो.

---

फेडर_खाली

सगळ्यांचे आभार. काका, ती मार्गदर्शकं वाचली. थोडा आला, खरा नाही आला.

दरम्यान एक उद्योग केला. रविवारी रात्री स्टुडिओ रिकामा होता. माझा रेकॉर्डर इथल्या फ्रिजसमोर ठेवला आणि दादाला सांगलीत आईच्या फ्रिजसमोर फोन ठेवायला लावला. फोनवर एक-दोन-तीन म्हणून दोघांनी एकदम सुरू केलं. चाळीस मिनिटं. दादा म्हणाला, तुझ्या नादाने मी फ्रिजचा पहारा करतोय हे कुणाला सांगू नकोस.

नंतर दोन्ही फाइल्स उघडल्या. सवयीने हात नॉच फिल्टरकडे (घरघरीचा पट्टा तेवढा कापणाऱ्या) गेला, मागे घेतला. आधी हॅश काढून वहीत लिहिले (हो, वही आणली). मग १०० हर्ट्झच्या (५० ची दुप्पट, थरथर तीच) भोवतीचा बारीकसा पट्टा ठेवून बाकी सगळं काढलं, रोज करते त्याच्या बरोब्बर उलटं. दादाच्या फोनमध्ये १०० वर अगदी अंधुक होतं, पण ३०० वर स्वच्छ मिळालं, तीनाने भागलं की तेच. दोन आलेख आले. आधी वाटलं काही जुळत नाही. मग एक उजवीकडे सरकवत गेले, सरकवत गेले, आणि एका जागी गोरेगावची रेघ सांगलीच्या रेघेवर जाऊन बसली. अठराव्या मिनिटाला एक खोल खड्डा आहे, तो दोन्हीकडे, तसाच. साधारण पावणेचारशे किलोमीटरवर आईचा फ्रिज तीच थरथर नोंदवत होता. मी रात्री दीड वाजता एकटीच हसत बसले होते.

सरकवावं मात्र नऊ सेकंद लागलं. दादाला फोन केला, म्हटलं तू नऊ सेकंद उशिरा सुरू केलंस. तो म्हणाला, छे, तुझ्या तीनला दाबलं. मी म्हटलं रेघ सांगतेय. जरा वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, "आईने हाक मारली होती. पण तुला कसं कळलं?"